अर्ध्या गुंठ्याची राखण

हिवरदरीत कापूस फुटला की शेतकरी रोज दोन ठिकाणी बघतो. आधी आभाळाकडं, मग पंचफुलाबाईच्या दाराकडं. आभाळ कधी गळेल ते सांगता येत नाही, आणि पंचफुलाबाई कोणाच्या वावरात बाया पाठवील तेही सांगता येत नाही. बावीस बायांचा तिचा जथा. तिनं हो म्हटलं तर चार दिवसांत वावर साफ, नाही म्हटलं तर घरातल्या दोन बाया आणि आपण, असं बसा वेचत नाताळापर्यंत.

हे गाव बोरी अरबपासून जीपनं अर्ध्या तासावर. जीपमध्ये पंचफुलाबाई कधी मागं बसत नाही. ड्रायव्हरच्या शेजारी बसते आणि त्याला रस्ता सांगते, जणू तो आजच आला आहे. वय साठीच्या पुढं, उंची कमी, आवाज मात्र दोन वावरं ओलांडून जाणारा. माहेर बौद्धाचं, सासर ख्रिस्ती. बाप्तिस्म्याच्या वेळी तेव्हाचे पाळक म्हणाले, "आता तुझं नाव मार्था ठेवू." ती म्हणाली, "बापानं देल्लेलं नाव हाये. देवाले मी पंचफुला म्हणून ओळखू येत नसीन तं मार्था म्हणून कशी ओळखू येईन?" पाळकांनी पंचफुलाच ठेवलं.

नवरा शांतवन. सहा फूट उंच, स्वभावानं गाय. गावात ख्रिस्ती घरं चार, आणि त्या चार घरांत मिळून जेवढी श्रद्धा होती तिच्या निम्मी एकट्या शांतवनाची. त्याचं एकच म्हणणं असायचं. "देव मोठा हाये, पंचफुले. त्याच्या आडोशाले बसलं का वारा लागत नाही." एका वावधनात घरावरचे पत्रे उडाले तेव्हाही तो हेच म्हणाला, ताडपत्रीखालून. पंचफुलाबाई भिजलेली गोधडी पिळत म्हणाली, "मंग हा कोणता वारा हाये?" तो हसला. भांडायला कधी तयारच नसायचा, हीच तिची तक्रार.

चार वर्षांपूर्वी तापानं गेला. त्याला सदाशिवरावांच्या वावराच्या कोपऱ्यात ठेवला, त्याच्या आईबापाशेजारी. तिथं आधीच्या पाच कबरी होत्या. सदाशिवराव गावातले मोठे शेतकरी. शांतवनाचा बाप मेला तेव्हा यांना मातीला जागा नव्हती. सदाशिवरावांनी पायानं रेघ ओढली आणि सांगितलं, "ही एवढी अर्धा गुंठा जागा तुमची. इथं माझा नांगर शिवणार नाही." कागद झाला नाही. तेव्हा त्यांच्या बोलण्याला कागद लागत नव्हता.

माणूस ठेवायचा तो डोकं मावळतीला आणि पाय उगवतीला करून. शेवटच्या दिवशी उठून बसला की तोंड थेट सूर्याकडं. या वावराच्या उगवतीला सदाशिवरावांचंच घर आहे, पांढरं, दोन मजली. शांतवन थट्टेनं म्हणायचा, "आपण उठू तवा पयले पाटलाचं घर दिसन. चहा तं पाजतीनच."

सदाशिवराव गेले. वावर मुलाकडं आलं, पुंडलिकरावाकडं.

मागच्या साली पुनरुत्थानाच्या रविवारी सकाळी चार घरची माणसं रिवाजाप्रमाणं कबरीवर निघाली. हातात मेणबत्त्या, फुलं, आणि पंचफुलाबाईच्या हातात भिजवलेल्या चुन्याची बादली. दर साली त्या दिवशी कबरीभोवतीच्या दगडांना चुना लावायचा. शास्त्रात बाया त्या सकाळी कबरीवर गेल्या तर त्यांना कबर उघडी सापडली. पंचफुलाबाईला कबरच सापडली नाही.

कोपरा नांगरलेला. काळी ढेकळं उलटीपालटी. दगड सगळे ढकलून धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, टाकलेले, काहींवर मागल्या सालचा चुना अजून होता. कोणती ढेकळं शांतवनावरची आणि कोणती त्याच्या आईवरची, काही कळायला मार्ग नव्हता. ती बादली तिथंच ठेवून, नांगरटीत पाय न घालता, धुऱ्याधुऱ्यानं पुंडलिकरावाच्या घरी गेली. तो ओसरीवर चहा पीत होता.

"पुंडलिकभाऊ, माह्या माणसाची जागा नांगरली तुमी."

"हाव. ट्रॅक्टर वळत नव्हता तिथं. दर साली कोपरा पडीक राह्यते."

"तुमच्या बाबानं देल्ली होती ती जागा."

"कागद हाये?"

 कागद नव्हता, म्हणून पुढं तिनं तहसिलात केलेल्या अर्जालाही पाय फुटले नाहीत.

"मेलेल्याले जागा कायले लागते, बाई?" पुंडलिकरावानं बशी खाली ठेवली. "आमची राख होते, पाण्यात जाते. तुमची माणसं मरूनसन्याही जागा अडवतात. आन तुमचा देव लय मोठा हाये म्हणता ना? नाताळात भोंगा लावून म्हणता. मंग एवढ्या मोठ्या देवाले अर्धा गुंठा राखता नाही आला?"

घरात त्याची बायको विमलताई दाराआड उभी होती. तिनं पदर तोंडावर धरला. पंचफुलाबाई एक शब्द बोलली नाही. ती बोलली नाही याचीच त्या दिवशी गावाला जास्त भीती वाटली.

घरी येऊन ती शांतवनाच्या फोटोपुढं बसली. "ऐकलं का? तुमच्या देवाले बोलला तो. तुमी तं काही बोलणार नाई. म्हणून सांगते, त्याच्या वावरात आता माहा पाय पडणार नाई, जोवर तो भरून देत नाई."

भजनाची खोली म्हणजे पत्र्याची एक शेड. पाळक खेमसिंग दारव्ह्याहून मोटारसायकलवर येतात. तांड्यावरचा माणूस, तरुण, बोलणं मऊ. उपासनेत ते प्रार्थनेच्या विनंत्या विचारतात. कोणाचा गुडघा असतो, कोणाची परीक्षा, कोणाच्या पोरीचं जमत नसतं. त्या रविवारी पंचफुलाबाई उभी राहिली.

"पुंडलिकरावाच्या बोअरचं पाणी आटू दे. त्याच्या ट्रॅक्टरचं चाक निखळू दे. माणसाले काही होऊ नको दे, पण चाक निखळू दे."

खोलीतल्यांनी एकमेकांकडं बघितलं. फक्त मागच्या भिंतीशी बसलेला एक बहिरा म्हातारा सवयीनं मोठ्यानं म्हणाला, "आमेन!"

खेमसिंग खाकरले. "बाई, ही विनंती आपण मनातल्या मनात ठेवू."

"मनातलं त्याले ऐकू येते, मंग मोठ्यानं म्हटलेलं नाई येत का?"

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. मनात कोणाविषयी वैर असेल तर आधी ते मिटवायचं, मग भाकरीला आणि प्याल्याला हात लावायचा. प्याला पंचफुलाबाईपर्यंत आला की ती हात मागं बांधून घ्यायची आणि शेजारणीकडं मान हलवायची. वैर मिटलं असं खोटं सांगून देवाच्या ताटात जेवणं तिला जमलं नाही. एप्रिलपासून प्याला असा सात वेळा तिच्यासमोरून गेला. सातही वेळा तिनं त्याच्याकडं बघितलं आणि मनात चाक निखळवलं.

चाक काही निखळलं नाही. बोअरला उलट पाणी वाढलं. पाऊस वेळेवर पडला, अळी आली नाही, आणि त्या साली गावात सगळ्यांत चांगली कापसाची पऱ्हाटी उभी राहिली ती पुंडलिकरावाची. दिवाळी झाली आणि वावर पांढरं झालं. पंचफुलाबाईनं वर बघून म्हटलं, "मोठा असशीन, पण कानानं तूही त्या बुढ्यासारखाच." आणि मग तिनं देवाला हातभार लावायचं ठरवलं.

बावीस बाया तिनं अंगणात बसवल्या. त्यात ख्रिस्ती चारच. बाकीच्या बौद्ध, तांड्यावरच्या, दोन-तीन मोठ्या घरच्या पण हलाखीत आलेल्या.

"पुंडलिकरावाच्या वावरात मी जात नाई. ज्याले जाचं असन त्यानं जावं. मी अडवत नाई."

शेजारची बेबीताई तिची लहानपणापासूनची मैत्रीण. ती तंबाखू मळत म्हणाली, "तुह्या देवाचं मले कळत नाई, पंचफुले. पण शांतवनभाऊनं माह्या लेकीच्या लग्नात तीन दिवस पाणी भरलं. त्याच्या छातीवर नांगर घालनाऱ्याचा कापूस मी नाई वेचत." झालं. एकही बाई गेली नाही.

पुंडलिकरावानं आधी निरोप धाडले. मग भाव वाढवला. मग पांढरकवड्याकडून एक गाडी भरून बाया आणल्या. पंचफुलाबाई गाडीच्या वाटेवर हंडा घेऊन उभी राहिली. बायांना प्यायला पाणी दिलं, गाव विचारलं, लेकरं विचारली, आणि जाता जाता एवढंच सांगितलं की त्या कोपऱ्यात सहा मढी आहेत, जरा सांभाळून. खोटं एक अक्षर नाही. तासाभरात गाडी भरून परत गेली. त्या दिवशी पंचफुलाबाई दोन भाकरी जास्त जेवली.

कापूस बोंडांतून लोंबायला लागला. येणारा-जाणारा बघून हळहळायचा. पंचफुलाबाई रोज संध्याकाळी वाट वाकडी करून तिकडून जायची, लांबच्या रस्त्यानं, आणि भजन गुणगुणायची. बाया मागायला अंगणात आलेल्या विमलताईलाही तिनं पाटावर बसवून गोड शब्दांत सांगितलं, "कायले काळजी करता, विमलताई? ट्रॅक्टर घाला वावरात. वळते ना आता."

विमलताई उठून गेली.

डिसेंबर लागला आणि सुनेनं, दीपानं, मोबाइल पुढं केला. "आत्याबाई, अवकाळीचा मेसेज आला. उद्या दुपारनंतर. गारपीट पण म्हणून राह्यले."

पंचफुलाबाईनं मोबाइल दोन्ही हातांत धरला. वाचता तर येत नव्हतं, पण ढगाचं चित्र कळत होतं. "निघाला म्हणायचा एकदाचा," ती म्हणाली. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिला वाटलं, शांतवनाचा देव खरंच मोठा आहे. थोडा उशीर करतो, पण मोठा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच विमलताई परत दारात. चपला हातात, पाय मातीनं भरलेले.

"बसनार नाई," ती म्हणाली. "कापसासाठीही नाई आली. तुमच्या माणसाची जागा दाखवाले आली."

"कोनती जागा? तुमच्या मालकानं ठेवली का?"

"त्यानं नाई ठेवली. पण हाये. मी सकाळी घरची म्हणून एकटी वेचाले गेलती, तवा दिसली. चला."

"माहा पाय त्या वावरात पडत नाई."

"नका टाकू. धुऱ्यावरून दिसते."

पंचफुलाबाई गेली. का गेली ते तिला पुढंही नीट सांगता आलं नाही. म्हणते, भिजायच्या आधी कापूस एकदा डोळे भरून बघावा म्हणून गेली. तेही खोटं नसेल.

धुऱ्यावर, आपल्याच चुन्याच्या दगडांपाशी ती उभी राहिली. सगळ्या वावरात पऱ्हाटी कमरेएवढी. आणि कोपऱ्यात, पेरणीच्या त्याच तासांत, त्याच बियाण्याची, सहा ठिकाणी छातीएवढी. सहा लांबट पट्टे. डोकं मावळतीला, पाय उगवतीला. बोंडं अशी लागलेली की फांद्या वाकलेल्या. त्यातला चौथा पट्टा आखूड, अडीच हाताचा. ती शांतवनाची बहीण, गोवरानं गेलेली. आणि त्याच्या शेजारचा सगळ्यांत लांब. शांतवनासाठी खड्डा हातभर जास्त खणावा लागला होता, हे तिच्याशिवाय कोणाला आठवणार?

खोल खणलेल्या मातीत मूळ खोल जातं, हे जन्मभर वावरात वाकलेल्या बाईला कोणी शिकवायला नको. तिला ते कळत होतं. पण तिला हेही कळत होतं की ज्यानं नांगर फिरवला त्यानंच बी पेरलं, खत टाकलं, पाणी दिलं, आणि सहा माणसं पुसायला गेलेल्या त्या माणसाच्याच हातून ती सहाही माणसं उभी केली गेली. डोक्यापासून पायापर्यंत, मापात. अर्धा गुंठा राखता नाही आला का, म्हणे! राखणारा आठ महिने राखत होता. आणि ती मात्र रोज लांबच्या रस्त्यानं भजन म्हणत जात होती, शपथेपायी एकदाही जवळ न येता. चाक निखळावं म्हणून ओरडत होती आणि तो इथं काम करत होता.

"त्याच्या आडोशाले वारा लागत नाई म्हनता," ती त्या लांब पट्ट्याकडं बघून पुटपुटली, "मले सांगाचं तरी होतं." आणि मोठ्यानं हसली. विमलताई घाबरून दोन पावलं मागं सरली.

"मालकाले बोलवा तुमच्या," पंचफुलाबाई म्हणाली. "आन दीपाले निरोप द्या, बाया घेऊन ये. वही-पेन पन आन म्हणा."

पुंडलिकराव आला तेव्हा मावळतीकडून आभाळ काळं व्हायला लागलं होतं. बावीस बाया धुऱ्यावर ओळीनं बसल्या, वेचणीच्या ओट्या कमरेला बांधून. पंचफुलाबाईनं दगडांकडं बोट केलं.

"हे दगडं जिथून काहाडले तिथं लावाचे. सहा कबरीभोवती. तुमच्या हातानं. गडी नाई, ट्रॅक्टर नाई."

"बाई, पाऊस यून राह्यला! पयले कापूस वेचून घ्या, मंग दगडं लावतो ना मी."

"पयले दगडं."

"अवं, तासाभरात गारा पडतीन!"

"माह्या देवाच्या गारा हायेत. मी सांगून पायते, थांबतीन तं थांबतीन." ती मांडी घालून बसली आणि बेबीताईपुढं हात केला. "तंबाखू दे वं."

पुंडलिकरावानं बायकोकडं बघितलं. विमलताई आभाळ बघत होती. त्यानं सदरा काढला आणि वाकला. दगड लहान नव्हते. चौथ्याच दगडाला त्याचा श्वास लागला. बेबीताई इमानानं देखरेख करत होती.

"तो तिरपा बसला, भाऊ."

"लहान कबर हाये ती, लेकराची. हळू ठेवा."

"पाय इकडे, डोकं तिकडे. उलटं नका करू, बुढा उठला का घराकडं पाठ होईन!"

बायांत खसखस पिकली. पंचफुलाबाई हसली नाही. एकेका दगडाकडं ती अशी बघत होती, जसं भुकेलं माणूस ताटाकडं बघतं. आभाळ गुरगुरलं तरी तिनं घाई केली नाही. उलट दोन दगड परत उचलायला लावले.

शेवटचा दगड बसला तेव्हा पहिला गार वारा आला. दीपानं वहीचं पान पुढं केलं. पुंडलिकरावानं उभ्या उभ्या लिहिलं की ही अर्धा गुंठा जागा त्याच्या बापानं दिलेली, ती या लोकांची, आणि इथं नांगर शिवणार नाही. खाली सही केली. बावीस बायांनी साक्षीला सह्या आणि अंगठे केले, काजळाच्या डबीत बोट बुडवून. "तुमी कागद मागतला होता, भाऊ," पंचफुलाबाई म्हणाली. "हा घ्या, पाहून घ्या. परत मले द्या."

"झालं का आता? पाठवा बाया!"

"एक राह्यलं. राखता आला का अर्धा गुंठा?"

पुंडलिकरावानं घाम पुसला. "आला."

"कोनाले?"

त्यानं आभाळाकडं बघितलं. मावळतीला वीज चमकली. विमलताईच पुटपुटली, "सांगा ना जी, सांगून टाका."

"तुमच्या देवाले."

"लहान हाये का मोठा?"

"मोठा हाये, बाई, मोठा! भोंगा लावून सांगू का आता?"

"नाताळ जवळच हाये," ती म्हणाली. "तवा सांगजा." आणि बायांकडं हात केला.

बावीस बाया वावरात अशा शिरल्या की बघणाऱ्याला वाटावं टोळधाड आली. पंचफुलाबाई मात्र फक्त सहा पट्ट्यांत वेचत होती, शांतवनापासून सुरुवात करून, एकही बोंड मागं न ठेवता. निम्मं वावर झालं आणि गारा आल्या. सगळ्या विमलताईच्या शेडमध्ये धावल्या. उरलेलं निम्मं वावर डोळ्यांदेखत मातीत गेलं, कापसाची काळी, बिनभावाची कवडी झाली. पुंडलिकराव डोक्याला हात लावून बसला. बायांपैकी कोणी चुकचुकलं. पंचफुलाबाई चुकचुकली नाही. आपल्या ओटीतला कोरडा कापूस छातीशी धरून ती पावसाकडं बघत राहिली, आणि तिला वाईट वाटलं असं कोणी म्हणत असेल तर त्यानं तिला त्या वेळी बघितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन. खेमसिंग प्याला घेऊन तिच्यापुढं थांबले. गावात काय झालं ते त्यांच्या कानावर आलं होतंच.

"माफ केलं का, बाई?"

"माफ नाई म्हणवत मले, पाळकसाहेब. सोपवलं." तिनं हात पुढं केला. "आठ महिने काठी माह्या हाती होती. आता त्याच्या हाती देल्ली. तो मोठा हाये. त्याले मापात माराले येते, मले कमीजास्त होते. पाहलं ना, निम्मंच वावर नेलं त्यानं. मी असती तं पुरं नेलं असतं."

 शास्त्र ते शिकले होते, पण असा जबाब कोणी शिकवला नव्हता. मग त्यांनी प्याला तिच्या हातात दिला. मागून बहिऱ्या म्हाताऱ्यानं आमेन म्हटलं, या वेळी वेळेवर.

सहा पट्ट्यांचा तो कापूस तिनं विकला नाही. सरकी हातानं काढली आणि उशी शिवली, जाड कापडाची. ती उशी पेटीत ठेवून दिली आहे. दीपाला पक्कं बजावलं आहे की ही उशी आपल्याबरोबर मातीत ठेवायची, शांतवनाच्या उजव्या बाजूला, जिथं पुंडलिकरावानं चुकून एक दगड जास्तीचा लावला आहे आणि तिनं तो काढू दिलेला नाही.

"आन डोकं मावळतीलेच ठेवजा," ती सांगते. "उठीन तवा तोंड त्याच्या दाराकडं पाहिजे. शांतवन तं चहाच मागन. मी पयले कागद दाखवीन."